१०५ वर्षांचा सेवाखंड

माझी सगळी नोकरी आस्थापना शाखेत गेली. पगारबिलं, वेतननिश्चिती, सेवापुस्तकातल्या नोंदी, रजेचे हिशोब, थकबाकी. त्यामुळे रिटायर झाल्यावर इतिहास वाचायला लागले तेव्हा लढायांची पानं मी भराभर उलटायचे, पण कुठे पगाराचा आकडा दिसला की थांबायचे. असंच एकदा कॉन्स्टँटिनोपलचा रोमन सम्राट जस्टिनियन याच्या कायद्यांमध्ये इ.स. ५३४ चा एक कायदा हाती लागला. उत्तर आफ्रिका व्हँडल या जर्मानिक टोळीच्या लोकांकडून परत घेतल्यावर तिथला कारभार कसा चालवायचा याचा हा कायदा. सुरुवातीला देवाचे आभार, मोठमोठी वाक्यं, आणि मग अचानक पगारपत्रक सुरू होतं. अक्षरशः पदनिहाय, टेबलनिहाय. मी चष्मा पुसून परत वाचायला बसले.

आजच्या ट्युनिशियातल्या कार्थेज शहरात बसणारा सगळ्या आफ्रिकेचा मुलकी प्रमुख, म्हणजे प्रिफेक्ट, याला वर्षाला १०० पौंड सोनं. एका पौंडात ७२ सॉलिडस, म्हणजे ७२०० सोन्याची नाणी झाली, आणि आजच्या वजनात बघायचं तर साधारण ३२ किलो सोनं एका माणसाला. त्याच्या हाताखाली ३९६ माणसं, आणि तळाच्या कारकुनाला वर्षाला दहा नाणीसुद्धा नाहीत. वरच्या आणि खालच्या टोकातलं हे अंतर बघून माझ्या पोटात कसंतरीच झालं, कारण तळाच्या माणसाला पगार पुरत नाही तेव्हा तो कुठून पुरवतो हे मी नोकरीत पाहिलंय. सात प्रांत, प्रत्येकाच्या गव्हर्नरकडे ५० माणसांचा स्टाफ. शिवाय पाच वैद्य, व्याकरण शिकवणारे दोन, वक्तृत्व शिकवणारे दोन, त्यांचेही पगार लिहिलेले. आणि सगळ्यांना लागू दिनांक १ सप्टेंबर ५३४.

सैन्याचा कायदा वेगळा, तो सेनापती बेलिसॅरियसच्या नावे. सरहद्दीवर जे सेनाधिकारी नेमायचे, ट्रिपोलिटानिया, बायझासिना, न्युमिडिया, मॉरेटानिया आणि सार्डिनिया बेटावर, त्या प्रत्येकाला वर्षाला १५८२ नाणी. ती कशी येतात तेही दिलंय, १९० शिधे आणि १५८ घोडचारे, शिध्याला पाच नाणी आणि चाऱ्याला चार. मी पेन घेऊन गुणाकार केला, ९५० अधिक ६३२. बरोबर १५८२! दीड हजार वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाची बेरीज आज माझ्या कागदावर जुळली आणि मला खरंच भरून आलं, आता हे कुणाला सांगणार, घरात सगळे टीव्ही बघत होते.

पण आधीच्या, पगारपत्रकाच्या कायद्यात सुरुवातीला एक आकडा आहे आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. १०५ वर्षं. जस्टिनियन म्हणतो की आफ्रिका १०५ वर्षं व्हँडलांच्या कैदेत होती आणि आता देवाच्या कृपेने तिला स्वातंत्र्य परत मिळालं. हिशोब बरोबर आहे, ४२९ साली व्हँडल स्पेनमधून समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरले होते, ४३९ ला त्यांनी कार्थेज घेतलं. ही १०५ वर्षं कायद्याने कशी धरली? आमच्या भाषेत सांगायचं तर सेवाखंड क्षमापित केला. म्हणजे मधे काही घडलंच नाही, जिथे नोंद थांबली तिथून पुढे चालू.

सेवाखंड म्हणजे काय ते मला एका शिपायामुळे नीट कळलं. तो मधली दोन वर्षं कामावर नव्हता, घरची परिस्थिती, गुऱ्हाळावर कामाला गेला होता. पुढे त्याची फाईल मंजूर झाली, खंड क्षमापित झाला, कागदावर नोकरी सलग दिसायला लागली. पण गुऱ्हाळाच्या चरकात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. पेन्शनच्या कागदांवर सही करायची वेळ आली तर सेवापुस्तकातली जुनी सही आणि आताची सही जुळेना. कार्यालयाने हरकत काढली. माणूस समोर उभा, हात समोर, आणि आम्ही जुनी सही मागतोय. सात महिने गेले त्यात. आफ्रिकेबद्दल वाचताना मला तो हात सारखा दिसत राहिला.

सुरुवात चांगली झाली होती हे आधी सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. ५३३ च्या उन्हाळ्यात साधारण १५ हजार सैन्य ५०० जहाजांतून निघालं, आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर उतरलं. उतरल्यावर काही सैनिकांनी शेतात घुसून पिकलेली फळं तोडली. बेलिसॅरियसने त्यांना फटके मारले आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं की हे इथले लोक मुळात रोमनच आहेत, व्हँडलांवर चिडलेले आहेत, त्यांना आपल्या बाजूला ठेवलं तरच आपण टिकू, आणि तुम्ही चार फळांसाठी त्यांना शत्रू करताय. हे लिहून ठेवणारा प्रोकोपियस स्वतः सेनापतीचा सचिव म्हणून तिथे हजर होता. १५ सप्टेंबरला सैन्य कार्थेजमध्ये शिरलं. लूट नाही, आरडाओरडा नाही. दुकानं उघडी होती. आणि माझं सगळ्यात आवडतं दृश्य, सरकारी कारकुनांनी नेहमीसारख्या चिठ्ठ्या लिहिल्या, कुठल्या सैनिकाने कुठल्या घरात उतरायचं त्याच्या, आणि सैनिकांनी बाजारातून पैसे देऊन जेवण विकत घेतलं. हे कारकून आदल्या दिवसापर्यंत व्हँडल राजा गेलिमरचे होते. त्याच्यासाठी राजवाड्यात रांधलेलं अन्न बेलिसॅरियस आणि त्याचे लोक जेवले, प्रोकोपियससुद्धा त्या पंगतीत होता. त्या चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांच्या हाताचा मी खूप वेळा विचार केलाय. राजा बदलला, भाषा तीच लॅटिन, वही तीच, हात तोच.

मग अधिकारी आले.

पहिली अडचण दप्तराची. जुन्या रोमन काळातल्या महसुलाच्या नोंदी मिळेनात, व्हँडल राजा गायसेरिकने त्या नष्ट केल्या होत्या. म्हणून सम्राटाने ट्रायफोन आणि युस्ट्रेशियस अशी दोन माणसं पाठवली, नव्याने आकारणी करायला. प्रोकोपियस एका ओळीत सांगतो की त्यांनी लावलेला कर लोकांना ना माफक वाटला ना सोसण्यासारखा. बस, एवढंच. पण त्या ओळीच्या मागे काय काय असेल, गावागावात मोजणी, ऑलिव्हची झाडं, किती खंडी गहू, कुणाचं शेत कुठल्या नावावर. व्हँडलांचं राज्य काही सोन्याचं नव्हतं, त्यांनी चांगली जमीन स्वतःकडे घेतली होती आणि उरलेल्या जमिनीवर इतका कर लावला होता की मूळ मालकाच्या हातात काही उरत नसे, हे पण प्रोकोपियसच सांगतो. त्यामुळे लोकांना वाटलं असणार की आता आपले लोक आले, आता सुटलो. आणि आपल्या लोकांनी पहिलं काम काय केलं तर मोजणी लावली. कारण १०० पौंड सोनं आणि ३९६ माणसांचे पगार कुठून तरी यायलाच हवे होते ना, कॉन्स्टँटिनोपल काही स्वतःच्या खिशातून आफ्रिका चालवणार नव्हतं.

जमिनीचं तर फारच गुंतागुंतीचं. ५३५ साली कायदा आला की व्हँडलांनी ज्यांची मालमत्ता हिसकावली त्यांच्या वारसांना तिसऱ्या पिढीपर्यंत दावा करता येईल, मुदत पाच वर्षं. ऐकायला न्याय वाटतो, आणि आहेही थोडा. पण १०५ वर्षांत जमीन किती हातांतून गेली असेल? ट्युनिशिया-अल्जीरियाच्या सीमेजवळ १९२८ मध्ये देवदाराच्या लाकडी पाट्या सापडल्या, ४९० च्या दशकातल्या, म्हणजे ऐन व्हँडल काळातल्या. त्यांवर शाईने लिहिलेली खरेदीखतं आहेत. छोट्या छोट्या तुकड्यांची, ऑलिव्हच्या झाडांसकट. व्हँडल राजाचं राज्यवर्ष घालून, पण सगळी पद्धत रोमन कायद्याची. त्या डोंगराळ भागातल्या साध्या शेतकऱ्यांना कुणी सांगितलं असतं का की तुम्ही एका सेवाखंडात जगताय? त्यांनी पैसे मोजले होते, साक्षीदार उभे केले होते, त्यांच्यासाठी व्यवहार पक्का होता.

सैनिकांचं बंड याच मुद्द्यावरून पेटलं, ५३६ च्या ईस्टरला. जिंकल्यावर बऱ्याच सैनिकांनी व्हँडल बायकांशी लग्नं केली होती. त्या बायका नवऱ्यांना म्हणायला लागल्या की आधीच्या नवऱ्याच्या वेळी या जमिनी आमच्या होत्या, आता जिंकणाऱ्याशी लग्न करून आम्ही उघड्यावर यायचं का? (मला तर त्यांचं म्हणणं पटतं.) प्रशासन म्हणालं गुलाम आणि पैसाअडका लुटीत मिळाला तो तुमचा, पण जमीन सम्राटाची, ज्या साम्राज्याने तुम्हाला पोसलं, सैनिक केलं त्याची. त्यात पगार थकलेले. त्यात भर म्हणजे सैन्यात सुमारे हजार माणसं एरियन पंथाची, म्हणजे व्हँडलांच्याच ख्रिस्ती पंथाची, आणि कायद्याने त्यांना त्यांचे धर्मविधी करायला, मुलांना बाप्तिस्मा द्यायला बंदी. ५३५ च्या ऑगस्टच्या कायद्याने एरियनांची चर्चेस काढून घेतली होती, ज्यूंची सिनेगॉगसुद्धा चर्च करून टाकायची होती. म्हणजे ज्यांच्या तलवारीवर प्रांत परत मिळाला त्यांच्यातल्याच हजार जणांना वर्षाच्या सगळ्यात मोठ्या सणाला दाराबाहेर उभं केलं. सॉलोमन तेव्हा आफ्रिकेचा प्रमुख, सेना आणि मुलकी कारभार दोन्ही त्याच्याच हातात. त्याला चर्चमध्येच मारायचं ठरलं होतं, मारेकऱ्यांचा हात उचलेना म्हणून वाचला, शेवटी समुद्रमार्गे सिसिलीला पळाला.

मग जस्टिनियनने स्वतःच्या नात्यातल्या जर्मानसला पाठवलं, आणि या माणसाबद्दल मला फार आदर आहे. कार्थेजला उतरल्यावर त्याने आधी काय केलं तर कारकुनांकडून हजेरीपट मागवला. ज्यात सैनिकांची नावं असतात तो. नावं तपासली तर फक्त एक तृतीयांश सैन्य कार्थेजमध्ये आणि इतर शहरांत, बाकी दोन तृतीयांश बंडाचा म्होरक्या स्टोट्झास याच्याकडे. मग त्याने सैनिकांना एकेकाला बोलावून गोड बोलायला सुरुवात केली आणि जे परत आले त्यांचा थकलेला पगार चुकता केला. बंडात होते त्या काळाचासुद्धा! म्हणजे साम्राज्याविरुद्ध हत्यार घेऊन उभे होते त्या महिन्यांचा पगार साम्राज्यानेच दिला. ऑडिटवाल्यांना हे कधीच पचलं नसतं. पण माणसं परत आली, आणि ५३७ मध्ये स्टोट्झासचा पराभव झाला. खंड कसा भरायचा हे त्या एका माणसाला कळलं होतं असं मला वाटतं, त्याने मधल्या महिन्यांकडे डोळेझाक केली नाही, उलट ते मोजले आणि त्यांची किंमत दिली.

मूर लोकांच्या बाबतीत, म्हणजे बर्बर टोळ्यांच्या, असा कुणी भेटला नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट जास्त लागते. जुन्या रोमन काळी हे प्रमुख रोमच्या छायेत होते, १०५ वर्षांत डोंगरात आणि वाळवंटाच्या कडेला त्यांची स्वतःची राज्यं उभी राहिली. तरी त्यांना सम्राटाकडून मान हवा होता. बेलिसॅरियस आला तेव्हा त्यांनी स्वतःहून माणसं पाठवून राजचिन्हं मागितली आणि त्याने दिली. काय होतं त्यात? सोन्याचा मुलामा दिलेला चांदीचा दंड, मुकुटासारखी चांदीच्या पट्ट्यांची टोपी, उजव्या खांद्यावर सोन्याच्या पिनेने अडकवायचा पांढरा झगा, भरतकाम केलेला पांढरा अंगरखा, आणि सोनेरी जोडा. वर पैसे. या वस्तू वाचताना मला आपल्याकडची मानाची वस्त्रं आठवली, शेला-पागोटं. माणूस असं काही हातात घेतो तेव्हा तो एक नातं घेत असतो. पण कायद्याच्या नकाशात या लोकांना घरच नव्हतं. त्यात सात प्रांत होते, जुन्या नावांचे, जुन्या हद्दींचे, आणि सैन्याने त्या हद्दी पूर्वीसारख्या करायच्या होत्या. हद्दीच्या आतच शंभर वर्षांत कोण राहायला आलंय याचा रकाना नव्हता.

५४३ ला सॉलोमनचा पुतण्या सर्जियस ट्रिपोलिटानियाचा अधिकारी होता, लेप्टिस मॅग्नाला. लेवाथे टोळीचे लोक भेटायला आले, त्यांच्यातले ८० जाणते लोक त्याने आत बोलावले. त्यांनी तक्रार केली की रोमनांनी आमची उभी पिकं लुटली. सर्जियसने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उठून चालायला लागला. एकाने त्याचा खांदा धरला, थांबवण्यासाठी. अंगरक्षकाने तलवार काढली. ८० पैकी एक जण जिवंत बाहेर पडला. त्याच सुमारास बायझासिनातला मूर प्रमुख अंटालस, जो इतकी वर्षं साम्राज्याशी प्रामाणिक होता, त्याला ठरलेलं धान्य बंद केलं आणि त्याच्या भावाला मारलं. मग सगळे एकत्र उठले, ५४४ मध्ये सॉलोमन स्वतः लढाईत गेला, पुढची चार वर्षं नुसती जाळपोळ, मधे एका बंडखोर अधिकाऱ्याने कार्थेजमध्ये सम्राटाच्या माणसाचा खून करून शहरच बळकावलं. ५४८ ला सेनापती जॉन ट्रोग्लिटाने शांतता आणली, त्याच्या बाजूने लढलेल्यांमध्ये कुत्झिनास नावाचा मूर प्रमुख होता. आणि ५६३ ला हाच कुत्झिनास, आता म्हातारा झालेला, नेहमीचं मानधन घ्यायला कार्थेजला आला तर तिथल्या अधिकाऱ्याने त्याला मारून टाकलं. ठरलेली रक्कम घ्यायला आलेला माणूस. पुन्हा बंड. मी आयुष्यभर लोकांना ठरलेली रक्कम काढून दिली, त्यामुळे असेल, पण हे वाचून मी त्या दिवशी पुढे वाचूच शकले नाही.

चर्चचं थोडक्यात सांगते. आफ्रिकेतले बिशप व्हँडलांचा छळ सोसून आपल्या पंथाशी टिकून राहिले होते, ते सम्राटाचे हक्काचे लोक. पण जस्टिनियनने पूर्वेतल्या एका धर्मवादात तीन जुन्या धर्मगुरूंच्या लिखाणाचा निषेध करायला लावला आणि आफ्रिकेने सरळ नकार दिला. पोपने तो निषेध मान्य केला होता, म्हणून ५५० मध्ये त्यांनी पोपलाच बहिष्कृत केलं. मग कार्थेजचा बिशप रेपरॅटस पदावरून गेला, हद्दपार झाला. ज्यांच्यासाठी आलो म्हणाले त्यांनाच घालवलं, आणखी काय बोलायचं.

चार वर्षांपूर्वी एका ग्रुप टूरबरोबर ट्युनिशियाला गेले होते. सगळ्यांना समुद्रकिनारा हवा होता, मी ट्युनिसहून दुग्गाला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा धरली. वाटेत ऐन तुंगा इथे रस्त्यालगतच बायझंटाईन, म्हणजे याच कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याचा, किल्ला उभा आहे, बस थांबली नाही. दुग्गाला मात्र मनसोक्त वेळ मिळाला. तिथे ज्युपिटरचं देऊळ आहे, दुसऱ्या शतकातलं, उंच खांब, अजून दिमाखात. आणि त्या देवळाला आणि समोरच्या चौकाला कवेत घेऊन जस्टिनियनच्या काळातली तटबंदी. गाईड देवळासमोर फोटो काढून देत होता, मी तटाजवळ गेले. दगड एकसारखे नाहीतच. एक गुळगुळीत, एक खडबडीत, एखाद्यावर लॅटिन अक्षरं कोरलेली, ओळ मधेच तुटलेली, कारण तो दगड आधी दुसऱ्या कशाचा तरी होता. जुनं शहर मोडून नवा तट बांधलेला. मी एका अक्षरात बोट घातलं, कोपरा अजून धारदार होता. चौकाच्या मध्यात जिथे पूर्वी लोक उभे राहून बोलायचे तिथे आता भिंतीच्या आत शिपाई राहायचे. सॉलोमनने दुसऱ्यांदा आल्यावर, ५३९ नंतर, असे किल्ले प्रांतभर बांधले, आजच्या अल्जीरियातल्या टिमगाड या जुन्या रोमन शहरात तर त्याच्या नावाचा शिलालेख आहे की शहर पायापासून बांधलं. खरं तर टिमगाड मूर लोकांनी ओस पाडलं होतं, रोमनांना तळ द्यायला जागा राहू नये म्हणून, आणि सॉलोमनने उभं केलं ते शहर नव्हे, शहराबाहेरचा किल्ला.

प्रोकोपियसने आफ्रिकेच्या युद्धाची गोष्ट जिथे संपवली तिथे तो लिहितो की जे आफ्रिकन वाचले, थोडेसेच आणि अतिशय दरिद्री झालेले, त्यांना अखेर कशीबशी शांतता मिळाली. पहिल्या दिवशी त्या पंगतीत जेवलेल्या माणसाचं हे वाक्य आहे.

त्यानंतरही वसुली चालूच होती. सार्डिनिया बेट त्या ५३४ च्या कायद्यातल्या सात प्रांतांपैकी एक. साठ वर्षांनी, ५९५ मध्ये, पोप ग्रेगरीने सम्राज्ञी कॉन्स्टँटिनाला एक पत्र लिहिलं. सार्डिनियात अजून काही लोक मूर्तिपूजक होते आणि देवाला बळी द्यायची परवानगी मिळावी म्हणून ते तिथल्या न्यायाधीशाला पैसे भरायचे. मग ग्रेगरीने पाठवलेल्या बिशपने त्यातल्या काहींना बाप्तिस्मा दिला, बळी बंद झाले. पैसे बंद झाले नाहीत. बळी देत नाही तरी त्याची फी भरायचीच. पत्रात कॉर्सिकाबद्दलही आहे, तिथे कराचा बोजा असा की लोक स्वतःची मुलं विकून कसाबसा भरतात. सार्डिनियातल्या बिशपने त्या न्यायाधीशाला जाब विचारला. त्याने उत्तर दिलं की हे पद मिळवण्यासाठी मी जी रक्कम कबूल केली आहे ती अशी वसुली केल्याशिवाय फिटणारच नाही. पदासाठी अशी रक्कम घ्यायची नाही असा कायदा जस्टिनियनने ५३५ लाच केला होता, आफ्रिकेच्या पगारपत्रकानंतर बरोबर एक वर्षाने.